चिमणीचा चीक

"माझ्या चरवीत पाण्याचा एक थेंब जरी निघाला ना, तर म्हशीच्या जागी मला दावणीला बांधा!"

हे रुद्रम्माचं लाडकं वाक्य होतं. दूध संस्थेच्या ओट्यावर ती ते म्हणायची, हापशाच्या रांगेत म्हणायची आणि एकदा तर महादेवाच्या देवळात, पुजाऱ्यानं नुसतं "बरं आहे का?" एवढंच विचारल्यावर म्हणाली होती. गावात कुणाचा पोहरा विहिरीत पडला तरी बोलणं फिरत फिरत रुद्रम्माच्या दुधावर येऊन थांबायचं. तिचा नवरा महालिंगप्पा गरीब स्वभावाचा. त्याला एकदा कुणीतरी विचारलं, "वहिनीचं दूध खरंच येवढं चांगलं असतंय का हो?" तर तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "चांगलंच म्हनायचं. मला घरात ऱ्हायचं हाय."

पण बाईचं बोलणं खोटं नव्हतं. सास्तूरच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात दूध संस्था निघाली, तेव्हा पहिली चरवी रुद्रम्मानं ओतली होती. गोठ्यात दोन म्हशी. एक शांती. तिनं आजवर चार बादल्या, एक कंदील आणि महालिंगप्पाचा उजवा गुडघा फोडला होता. दुसरी चिमणी. ती गोठ्यात शिरायला लागली की दाराची चौकट अंग चोरून घ्यायची! नावं ठेवली होती सासूबाईंनी, गंगम्मांनी. म्हातारीला दिसायचं जरा कमी.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. बहात्तरएवढा मोठा नव्हता, असं म्हातारी माणसं म्हणायची. पण म्हशींना बहात्तर कुठलं ठाऊक! कडबा संपला, बांधावरचं गवत संपलं, मग राहिलं उसाचं वाढं, शेंड्याकडचा पाला. तेही असं वाळलेलं की म्हशी ते खाताना कुणीतरी केरसुणी चावत असल्यासारखा आवाज यायचा. चिमणी गाभण, आटलेली. शांती दूध द्यायची, पण ते इतकं पातळ, की चरवीत डोकावलं तर तळाचा पोचा दिसावा.

संस्थेचा सचिव होता व्यंकट. दहावी पास, कानावर पेन्सिल. रोज सकाळी तो प्रत्येकाच्या दुधात मीटर सोडायचा. मीटर म्हणजे खाली फुगा आणि वर आकड्यांची दांडी असलेली काचेची नळी. दूध दाट असलं की दांडी वर तरंगते, पातळ असलं की बुडते. व्यंकटचा त्या नळीवर जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या डोळ्यांवर नव्हता.

एका सकाळी त्यानं रुद्रम्माच्या चरवीत नळी सोडली, आणि ती गळ टाकल्यासारखी खाली गेली.

"रुद्रम्माकाकू," व्यंकट चरवीकडंच बघत म्हणाला, "पानी हाय."

ओट्यावर एकदम शांत झालं. इतकं शांत, की पलीकडच्या लिंबाखाली कुत्रं अंग खाजवत होतं तेही ऐकू आलं.

"पानी?" रुद्रम्माचा पदर खांद्यावरून कमरेला गेला. "आरं व्यंकट, टँकर येतोय आठवड्यातनं दोनदा! प्यायला पानी न्हाय, तोंड धुवायला पानी न्हाय, आन म्या पानी दुधात घालू? येवढं पानी असतं तर आदी तुज्या डोस्क्यावर वतलं असतं!"

"मीटर खोटं बोलत न्हाय, काकू."

"मीटरला वाढं खायला घाल म्हंजे कळंल त्याला!"

रांगेत रुद्रम्माच्या मागं भिमाबाई उभी होती. बौद्धवाड्यातली. खडी फोडून, पै पै जोडून तिनं एक म्हैस घेतली होती, आणि वर्षापासून संस्थेला दूध घालत होती. ती पहिल्या दिवशी चरवी घेऊन आली तेव्हा रांग जरा विस्कटली होती. कुणाला अचानक घरी काम आठवलं, कुणी बाजूला तंबाखू मळायला गेलं. रुद्रम्मा मात्र हलली नाही. मधे हातभर अंतर तेवढं सोडलं, आणि ते अंतर वर्षभर तसंच राहिलं. पण त्या हातभर अंतरावरून दोघींच्या गप्पा रोज व्हायच्या. म्हशी, सासवा, वाढं. भिमाबाईची जीभ रुद्रम्माच्या तोडीची होती, आणि तशी दुसरी जीभ त्या गावात नव्हती.

तर भिमाबाई मागून म्हणाली, "व्यंकटराव, अक्कांकडं दुधात घालायपुरतं पानी असंल तर सांगा की! म्या उद्यापासनं घागर घिऊनच येते!"

ओटा खदाखदा हसला. भिमाबाई बोलली होती रुद्रम्माच्या बाजूनं. थोबाडीत मारली होती ती व्यंकटच्या. पण रुद्रम्माच्या कानात तेव्हा राग भरला होता. तिला फक्त हसणं ऐकू आलं. तिला वाटलं, ही बया माझ्यावर हसवतेय लोकांना! तिनं दुधासकट चरवी उचलली आणि मागं न बघता घरी आली. त्या दिवशी तिच्या भाकरी इतक्या जोरात थापल्या गेल्या, की शेजारच्या तारामतीला वाटलं भिंत बांधायला काढली.

"अगं, जाऊ दे," महालिंगप्पा म्हणाला.

"जाऊ कसं द्यायचं? माझं नाव गेलं! पानी घालनारी म्हनतील मला, पानी घालनारी!"

नाव. सगळं अडलं होतं ते त्या नावावर. सोनं नाही, बागायत नाही, गावात रुद्रम्माकडं होतं ते एवढंच.

आणि त्याच आठवड्यात चिमणी व्याली.

म्हैस व्याली की पहिले काही दिवस दूध येतं ते दूध नसतं, चीक असतो. पिवळा, दाट, तापवला की आपोआप थिजणारा. त्यात गूळ घालून वाफवला की खरवस. गंगम्मांच्या घरात त्याचा कायदा ठरलेला होता. पहिला महादेवाला, मग गल्लीत घरटी वाटीभर, उरला तर घरात. चीक विकायचा नाही. चिकाला मोल लावलं तर म्हशीची कास सुकते, असं गंगम्मा सांगायच्या, आणि नुसत्या त्याच नाही, सगळा गाव सांगायचा. दुष्काळात पोरांच्या जिभेला महिनोन्महिने गोड लागलेलं नव्हतं. चिमणी व्याल्याची बातमी गल्लीत गेली आणि घराघरातून वाट्या घासून पालथ्या पडल्या.

रुद्रम्मा पहाटे चिमणीखाली बसली. चरवीत धार पडली ती मधासारखी, आवाज न करता. तिनं चरवी हलवली. चीक हलला नाही. तिनं बोट बुडवलं, आणि बोटावर तो असा बसला की जणू मुक्कामालाच आला होता.

आणि रुद्रम्माच्या डोक्यात वीज चमकली.

ह्यात व्यंकटचं मीटर सोडलं तर? बुडेल? अहो, बुडायची काय छाती आहे त्याची! उभं राहील, पाटलाच्या काठीसारखं!

आधी तिनं शांतीच्या दुधात तांब्याभर चीक घातला. बघितलं, पुरेसा वाटेना. आणखी एक तांब्या घातला. मग तिला वाटलं, एवढं केलं तर कंजुषी कशाला? उरलेलाही ओतला. ह्यात खोटं काय होतं? पाणी नव्हतं ते. म्हशीचंच होतं, आणि दुधापेक्षा भारी होतं! वगारीला, म्हणजे चिमणीच्या त्या नव्या लेकीला, चार घोट कसेबसे मिळाले असतील.

"रुद्रम्मा," आतून गंगम्मांचा आवाज आला, "चीक किती निघाला गं?"

"वगार प्याली, आत्या."

"सगळा?"

"सगळा!"

"अय्यो शिवा! वगार हाय का हत्ती?"

रुद्रम्मा तोवर रस्त्याला लागली होती.

संस्थेच्या ओट्यावर त्या दिवशी गर्दी होती. जिल्ह्याहून साहेब येणार होते. दुष्काळात दूध कमी झालं होतं, कॅन अर्धासुद्धा भरत नव्हता, आणि एवढ्याशा दुधासाठी टेम्पो ह्या गावापर्यंत पाठवायचा की बंद करायचा, ते साहेब ठरवणार होते. चेअरमन अण्णारावांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो मोडू नये म्हणून सकाळपासून ते बसले नव्हते.

व्यंकटनं रुद्रम्माच्या चरवीत मीटर सोडलं. ते बुडालं नाही. ते जाग्यावर उभं राहिलं. नुसतं उभं नाही, वर आलं! व्यंकटनं चष्मा काढून पुसला. पुन्हा सोडलं. पुन्हा वर! दांडीवरचे आकडे संपले आणि खालची कोरी काच दिसायला लागली.

"आण्णासायेब!" व्यंकट ओरडला. "हिकडं या! आकडंच संपलं!"

अण्णाराव आले, वाकले, आणि इस्त्री विसरून खाली बसले. "आयला! ह्याला म्हनायचं दूध! दुष्काळात असं दूध! बघा रं सगळे, बघा! वहिनी, तुमी गावाचं नाक राखलं!"

रुद्रम्मानं रांगेवरून नजर फिरवली. हळदीकुंकवाला नवी साडी मिरवावी तशी. "म्या म्हनलं न्हवतं? माझ्या दुधात पानी?"

व्यंकट खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं, काकू." आणि भिमाबाई मागून, हातभर अंतरावरून, मनापासून म्हणाली, "लई भारी, अक्का! जिरवली बघा मीटरची!"

रुद्रम्मानं तिच्याकडं बघितलंही नाही. चरवी कॅनमध्ये ओतली आणि बाजूला झाली. तिच्यानंतर भिमाबाईनं ओतली, आणि ती त्या दिवशीची शेवटची होती. कॅनमध्ये पडलं की दूध दूध असतं. कुणाचं कुठलं, ते नंतर महादेवालासुद्धा निवडता यायचं नाही.

तेवढ्यात साहेबांची जीप आली.

साहेब तरुण होते, नुकतेच दुसऱ्या खात्यातून बदलून आले होते. अण्णारावांनी हार घातला आणि छाती काढून सांगितलं, "सायेब, आमच्या दुधाचा चहा घ्या. मग टेम्पोचं बोला!" आणि व्यंकटला खूण केली, "कॅनमधलंच घे. वरचं घे, ताजं."

व्यंकटनं स्टोव्ह पेटवला. गुळाचा चहा ठेवला. दूध घातलं. चहा फाटला.

"गूळ खराब हाय," अण्णाराव हसत म्हणाले. "गुळानं फाटतोय कधीकधी."

दुकानातून साखर आणली. दुसरा चहा ठेवला. तोही फाटला!

"भांडं, भांडं! कल्हई गेलीया!" अण्णारावांचं हसू आता जरा ताणलं होतं.

अण्णारावांच्या घरचं भांडं आलं, लग्नातलं, चकचकीत. तिसरा चहा. सगळे स्टोव्हभोवती जमले. उकळी आली, आणि त्या चकचकीत भांड्यात पिवळट गोळे असे वर आले, जसे काही तेही साहेबांना बघायला आले होते.

रुद्रम्मा एक पाऊल मागं सरकली. चीक तापवला की थिजतो. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं जन्मभर खरवस केला होता! पण पहाटे तिला फक्त मीटर दिसत होतं. दूध कुणी तापवेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, त्या ओट्यावर एवढी म्हशीवाली माणसं होती, कुणाला खरवस ओळखू आला नाही? अहो, समोर होता, पण दिसला नाही कुणाला! कारण चीक कुणी संस्थेला घालेल, हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातसुद्धा येणं शक्य नव्हतं. आणि त्यातून गंगम्मांच्या घरचं माणूस!

साहेबांनी कोऱ्या चहाचा कप घेतला, एक घोट प्याले आणि म्हणाले, "हा कॅन टेम्पोत घालू नका. सगळं दूध नासवाल. कुणाचं दूध खराब आहे ते शोधा, ते बंद करा. मग टेम्पो चालू ठेवतो."

अर्धा कॅन दूध लिंबाखाली ओतलं गेलं. दुष्काळातलं दूध. पोरांच्या तोंडचं काढून आणलेलं. लिंबाखालचं ते कुत्रं आलं, त्यानं हुंगलं, आणि त्याचे सगळे भाऊबंद आले. माणसं बघत उभी राहिली.

मग अण्णाराव म्हणाले, "वरचं दूध कुनाचं हुतं?"

"वरचं..." व्यंकटनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "रुद्रम्माकाकूंचं, आन त्याच्यावर भिमाबाईचं."

"वहिनींचं तर आत्ताच आपन मोजलं. सोन्यासारखं दूध!"

सगळ्या माना वळल्या. भिमाबाईकडं. कुणी कारण सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. वर्षभर ज्यांना रांगेतून घरचं काम आठवायचं, त्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले.

"माझं दूध?" भिमाबाई म्हणाली. "माझ्या चरवीच्या तळाला उरलंय की! त्येच उकळा! तुमच्या म्होरं उकळा!"

"सायेबांना येळ न्हाय, बाई."

"सायेबांना न्हाय, तुमाला तर हाय!"

"टेम्पो बंद पाडायचा हाय का गावाचा?" मागून कुणीतरी ओरडलं. आणि मग चौघं ओरडले, मग सगळेच.

भिमाबाईनं मान वळवली. तिनं रुद्रम्माकडं बघितलं. फक्त तिच्याकडं.

रुद्रम्मानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते, खरंच आले होते. 'म्या चीक घातला.' इतकंच म्हणायचं. पण त्याच ओट्यावर घटकाभरापूर्वी तिचं गेलेलं नाव परत आलं होतं, अजून ऊबदार होतं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"मला... म्हसरं सोडायचीत," रुद्रम्मा म्हणाली, आणि गेली.

त्या ओट्यावर तिचं वाक्य पहिल्यांदाच एवढं लहान होतं.

घरी आली तर दारात तारामती वाटी घेऊन हजर. वाटीत गुळाचा खडा, कारण चिकाची वाटी रिकामी आणायची नसते आणि रिकामी पाठवायची नसते. "चिमणी व्याली म्हनं? चीक न्हाय व्हय?"

"वगार प्याली."

"सगळा?" तारामतीनं गोठ्यात धाव घेतली. "अगं बया! मरंल की ती! फुगून मरंल! गुंडाप्पाला बोलवा!"

गुंडाप्पा गावातला जनावरांचा जाणता. तो आला, त्याच्यामागं वाट्या घेऊन आलेली निम्मी गल्ली आली. गुंडाप्पानं वगारीच्या पोटाला कान लावला. "आत लई आवाज येतोय."

येणारच होता. भुकेचा होता तो! बिचारी सकाळपासून उपाशी.

"अपचन!" गुंडाप्पानं निदान केलं. मग ओवा, काळं मीठ आणि करडईचं तेल बांबूच्या नळीतून त्या वगारीच्या घशात गेलं. एकानं शेपूट धरलं, दुसऱ्यानं पाय. गंगम्मा ओसरीवरून शिवाचा धावा करत होत्या. वगार रुद्रम्माकडं बघत होती, आणि रुद्रम्माला वाटलं, ही पण तशीच बघते! संध्याकाळपर्यंत वगारीनं सगळा गोठा घाण केला. गुंडाप्पा खूश. "बघा! निघाला का न्हाय सगळा चीक!"

चिमणीचा चीक आणखी दोन-तीन दिवस येत राहिला. रुद्रम्मानं तो वगारीला पाजला, सगळा. गल्लीत वाटायची आता सोय नव्हती. एका वाटीतून उद्या दहा प्रश्न निघाले असते. रोज तिनं ठरवलं, आज सांगते. चरवीत चीक घेऊन जाते, ओट्यावर उकळून दाखवते, संपलं. रोज वाटेत हापसा लागायचा, तिथं कुणीतरी म्हणायचं, "रुद्रम्माकाकूंनीच राखली बाई संस्था!" आणि रुद्रम्मा तिथूनच मागं फिरायची.

आणि मग एका सकाळी हिंमत आली. पक्की आली. ती चिमणीखाली बसली, धार काढली, आणि चरवीत पांढरंशुभ्र, साधं दूध पडलं. चीक संपला होता.

तरी ती गेली. ओट्यावर अण्णाराव होते, व्यंकट होता, रांग होती. भिमाबाईचं दूध बंद झालेलं; रांगेत रुद्रम्माच्या मागं आता हातभर अंतर नव्हतं. तारामती अगदी चिकटून उभी होती. रुद्रम्मा मोठ्यानं म्हणाली, "आण्णाराव, त्या दिवशी दूध भिमाबाईचं फाटलं न्हाय. माझं फाटलं. म्या त्यात चीक घातला हुता!"

अण्णाराव असे हसले, की डोळ्यांत पाणी आलं. "चीक? संस्थेला? अवं वहिनी, गंगम्माकाकी जिवंत असताना?"

"खरं सांगते!"

"वहिनी, तुमचं मन लई मोठं हाय. पर दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायचं म्हंजे किती!"

"मीटर लावा की! आज चीक न्हाय. आज बघा, बुडतंय का न्हाय!"

व्यंकटनं मीटर लावलं. बुडालं! शांतीचं वाढ्यावरचं दूध, चिमणीचं वाळक्या पाचोळ्यावरचं. गळ टाकल्यासारखं गेलं खाली.

"बघा!" रुद्रम्मा ओरडली. आयुष्यात कुठल्याही बाईला आपलं दूध पातळ निघाल्याचा एवढा आनंद झाला नसेल. "बघा, बघा!"

व्यंकट चरवीकडं बघत राहिला, मग मीटर हळूच बाजूला ठेवत म्हणाला, "काकू... त्या बाईला वाचवायला तुमी आज दुधात पानी घातलं?"

"आरं मुडद्या, न्हाय!"

"टँकर दोन दिवस आला न्हाय, आन तुमी घरातलं पानी..." तारामतीनं डोळ्यांना पदर लावला.

घ्या! काही केलं नव्हतं तेव्हा चोर ठरली, केलं तेव्हा गावाचं नाक, आणि कबूल केलं तेव्हा संत! रुद्रम्मानं डोकं धरलं. ती भांडली, शपथा घेतल्या, चिमणीची शपथ घेतली. जितकी भांडली तितकी मोठी होत गेली. शेवटी अण्णाराव हात जोडून म्हणाले, "बरं, बरं. तुमचा शब्द मोडवत न्हाय. भिमाबाईला म्हनावं, उद्यापासनं आन दूध. तुमच्याखातर."

न्याय नव्हता तो. उपकार होता, आणि तोही रुद्रम्माच्या नावावर! पण तिनं तोच पदरात घेतला आणि तडक बौद्धवाड्याची वाट धरली. एवढी वर्षं त्या गावात नांदली, पण त्या गल्लीत तिचा पाय पहिल्यांदाच पडत होता. चालताना वाक्यं जुळवत होती. आधी माफी, मग निरोप. नाही, आधी निरोप, मग माफी. निरोप ऐकून ती खूश होईल, मग माफी सोपी जाईल.

भिमाबाई दारात बसून खोऱ्याचा दांडा ठोकत होती. बाजूला छपरी होती. छपरीत खुंटी होती. खुंटीला काही नव्हतं.

"म्हस कुठंय?" रुद्रम्मा म्हणाली. जुळवलेलं सगळं तिथंच सांडलं.

"बाजारात नेली काल. दूध घेत न्हाईत म्हनल्यावर संस्था पेंड देईना. पेंडीबिगर काय घालू तिला? छपराचं पाचट?"

"आण्णाराव म्हनले, उद्यापासनं दूध आन."

"काय आनू?" भिमाबाई म्हणाली. "खुंटी?"

रुद्रम्मा खाली बसली. तशीच, मातीत. "भिमाबाई, म्या त्या दिवशी..."

"चीक घातलासा. ठाऊक हाय मला. चिमणी व्याली त्याच सकाळी दूध थिजलं. म्या बी म्हस पाळत हुते, अक्का."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुनाम्होरं? तुमी आज ओट्यावर बोललासा न्हवं? पोरं पळत सांगून गेली. ऐकलं का त्येंनी?"

रुद्रम्मानं मान हलवली.

"तुमचं ऐकलं न्हाय, माझं ऐकनार हुते?" भिमाबाईनं दांडा बाजूला ठेवला. "तरी म्या वाट बघितली. त्येंची न्हाय. तुजी."

पहिल्यांदाच ती 'तुमी'वरून 'तू'वर आली होती. रुद्रम्माच्या लक्षात आलं, आणि तेवढं एकच तिला त्या दिवशी बरं वाटलं.

"म्हस परत आनू या," रुद्रम्मा म्हणाली. "आमच्या मालकांना पाठवते. न्हायतर ती वगार घे. चिमणीची. तुजीच समज."

"वगार दूध द्यायला लागंस्तोवर म्या म्हातारी हुईन. उद्यापासनं तळ्याच्या कामावर जाते, नाव दिलंय." भिमाबाई उठली. मग जरा थांबली. "चहाला पावशेर दूध लागंल मला रोज. तू घालशील?"

"घालीन! फुकट घालीन, जन्मभर!"

"फुकट नगं. ऱ्हावू दे तसलं. फुकटात लई महाग पडतं तुजं."

दुसऱ्या दिवसापासून रुद्रम्मा स्वतः दूध घेऊन जायला लागली. पहिल्या दिवशी भिमाबाईनं दूध घेतलं, चुलीवर ठेवलं आणि म्हणाली, "बस. उकळू दे, मग जा."

रुद्रम्मा उंबऱ्याशी बसली. पावशेर दूध उकळायला किती वेळ लागतो? पण तिला वाटलं, बहात्तरपासूनचे सगळे उन्हाळे त्या चुलीवर ठेवलेत. दूध वर आलं. फाटलं नाही. भिमाबाईनं भांडं उतरवलं, पैसे दिले. रुद्रम्मा घरी आली.

गावात तिचं नाव पुन्हा कधी गेलं नाही. कुणाच्या दुधात मीटर बुडालं की व्यंकट म्हणायचा, "रुद्रम्माकाकूंकडनं शिका जरा!" आणि रुद्रम्मा, जी हापशावर सुद्धा आपल्या दुधाची शपथ घ्यायची, ती खाली मान घालून चरवी विसळायला जायची. लोकांना वाटायचं, काय विनय आहे बाईचा!

पाऊस झाला, कडबा आला, दूध दाट झालं. चिमणीची वगार वाढली, व्याली. त्या वेळी चिकाची पहिली वाटी गंगम्मांच्या आधी, महादेवाच्याही आधी, बौद्धवाड्यात गेली. भिमाबाईनं खरवस खाल्ला, चांगला झाला म्हणाली, आणि वाटीत मूठभर तूर घालून परत दिली. रुद्रम्माला वाटलं, मिटलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेली तर भिमाबाईनं चूल पेटवून ठेवली होती.

"बस. उकळू दे."

पुढं भूकंप झाला, घरं गेली, दोघी पत्र्याच्या शेडमध्ये चार शेडच्या अंतरावर आल्या. रुद्रम्मा तिथंही तांब्या घेऊन जायची. स्टोव्ह फुरफुरायचा, दोघी शेजारीशेजारी बसून दुधाकडं बघायच्या. कधी बोलायच्या, कधी नाही. एवढ्या वर्षांत ते दूध एकदाही फाटलं नाही. एकदा धीर करून रुद्रम्मा म्हणालीच, "भिमाबाई, आता तरी बसला का इस्वास?"

भिमाबाईनं भांडं उतरवलं, वाकून आत बघितलं, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आजचं ठीक हाय. उद्याचं उद्या बघू."